उतारवयाची नेमणूक

कुंभकोणमला माझी आत्या वारली, तेव्हा तिच्या सागवानी पेटीत जरीची दोन लुगडी, गंगेच्या पाण्याची मोहोरबंद लोटी आणि लाल कापडी पुठ्ठ्याची, आडवी उघडणारी एक हिशेबवही एवढ्याच वस्तू निघाल्या. पैकी लुगडी चुलतबहिणींनी नेली, लोटी ज्या कामासाठी ठेवली होती त्या कामी आली, आणि वही माझ्या वाट्यास आली, कारण सरकारी हिशेबतपासणीत चौतीस वर्षे घालविलेल्या माणसाला वहीखेरीज दुसरे काय द्यावयाचे, असा घरातील सर्वांचा समज होता. त्या वहीत जमेचा रकाना शाईने आणि खर्चाचा शिसपेन्सिलीने लिहिलेला आहे. तिच्या हयातीत मी याचे कारण एकदा विचारले होते. जमा ठरलेली असते, ती खोडावी लागत नाही, खर्चाला मात्र नेम नसतो, असे सहज सांगून ती पुन्हा वाती वळू लागली. वृद्धांच्या दीर्घकालीन शुश्रूषेची साधने आणि त्यासाठी लागणारा पैसा या विषयावरील प्रस्तुत पुस्तकाच्या संपादकांनी माझ्याकडे प्रस्तावना मागितली, तेव्हा या शास्त्रात माझी गती नाही हे मी त्यांस स्पष्ट सांगितले. परंतु ती वही त्यांच्या पाहण्यात आली होती आणि त्यांनी माझे काही चालू दिले नाही.

वहीतील ज्या अठ्ठावीस महिन्यांशी आपले प्रयोजन आहे, त्यांचा आरंभ मार्गळी महिन्यातील एका पहाटेस होतो. दारापुढे रांगोळी घालण्यासाठी आत्या उठली, दवाने ओल्या झालेल्या पायरीवरून तिचा पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, नऊ दिवस इस्पितळात गेले, आणि त्या नऊ दिवसांचे जे बिल झाले ते पाहून घरातल्या कर्त्या मंडळींचे चेहरे उतरले असले तरी त्यातील बहुतेक रक्कम विम्याच्या कंपनीने विनातक्रार चुकविली. त्यानंतर आत्या घरी आली आणि दोन वर्षे चार महिने जगली. या काळात तिला उठवून बसविणे, न्हाऊ घालणे, कूस बदलणे, घास भरविणे, रात्री दोनदा न्हाणीघरापर्यंत नेणे आणि पुढे पुढे तेही न जमल्यामुळे अंथरुणातच सर्व उरकणे, एवढेच काय ते होत असे; वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने यात उपचार असा काहीच नव्हता, म्हणून विम्याच्या दृष्टीने यात खर्चही नव्हता. वहीत मात्र तो आहे. पहिल्याच महिन्यात आयाम्मा १८,००० (रात्रंदिवस राहणाऱ्या बाईला तिकडे सर्वत्र आयाम्माच म्हणतात), ब्यूरोची दलाली, हवेच्या गादीचे भाडे, हाडाच्या डॉक्टरची घरभेट. आणि ‘कापड’ या नावाखाली दर पंधरवड्याला पडलेली एक रक्कम, जिचा उलगडा मला पुष्कळ दिवस झाला नाही. डायपर हा शब्द स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिणे तिच्या मर्यादशील स्वभावास रुचले नसावे. आतोबा तेथील सरकारी कॉलेजात अध्यापक होते. त्यांच्या मागे मिळणारे कुटुंबनिवृत्तिवेतन, टपाल कचेरीतील ठेवीचे तिमाही व्याज आणि पुढच्या दोन खोल्यांचे भाडे मिळून जमा जेमतेम एकतीस हजारांची, आणि खर्च चाळिसाकडे झुकलेला. सतराव्या महिन्यात जमेच्या रकान्यात, संपूर्ण वहीत एकदाच, पेन्सिलीची नोंद येते : ‘पाटल्या, दोन.’

येथे कुंभकोणमविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण मराठी वाचकाच्या मनात हे गाव म्हणजे कुंभेश्वर व सारंगपाणी यांची गोपुरे, बारा वर्षांनी भरणारा महामहमचा मेळा आणि अलीकडे पितळी पेल्यातील फेसाळ कॉफी एवढ्यापुरतेच असते. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावरास जे राज्य स्थापिले आणि जे १८५५ साली निपुत्रिकतेच्या सबबीवर कंपनी सरकारने खालसा केले, त्या राज्यातले हे विद्येचे व देवाधर्माचे शहर. येथील एका रस्त्याचे नाव अद्याप दबीर रस्ता असे आहे. त्यावरून रोज जाणाऱ्या शेकडो लोकांपैकी दबीर हा आपल्या अष्टप्रधानांतील एक हुद्दा, हे किती जणांस ठाऊक असेल कोण जाणे. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव १८२८ साली येथेच, अशाच एका मराठी घराण्यात जन्मले. ती घराणी आज विरळ झाली आहेत. अग्रहारातील लांबोड्या घरांच्या ओसऱ्यांवर, ज्यांना तिकडे तिण्णै म्हणतात, संध्याकाळी जी माणसे टेकलेली दिसतात त्यांतील बहुतेकांची मुले चेन्नईस, बंगळुरास किंवा समुद्रापार आहेत, आणि आपसात ती मंडळी जी तंजावरी मराठी बोलतात ती समजण्यास पुण्याच्या माणसाला चार दिवस लागतात. तमिळनाडूत २०११ च्या खानेसुमारीत शंभरात दहा माणसे साठीपुढची होती; २०३१ साली ती अठराच्या वर असतील असा सरकारी अंदाज आहे. कुंभकोणमच्या अग्रहाराला २०३१ ची वाट पाहावी लागलेली नाही.

परंतु या भूमीची आठवण काढण्याचे खरे कारण निराळे आहे. रामेश्वराच्या वाटेवर तंजावरच्या भोसल्यांनी जागोजाग छत्रे, म्हणजे वाटसरूंसाठी अन्नछत्रासह धर्मशाळा, बांधली. ओरत्तनाडचे मुक्तांबाळ छत्र, नीडामंगलमचे यमुनांबाळ छत्र ही नावे त्यांपैकीच, आणि बहुतेक नावे राजघराण्यातील स्त्रियांची आहेत हे ध्यानात घेण्याजोगे आहे. १७९९ च्या तहाने सरफोजीराजांनी किल्ला व भोवतालचा थोडा मुलूख वगळून राज्याचा कारभार कंपनीच्या हवाली केला, आणि मोबदल्यात दरसाल एक लाख पागोडे व निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा पत्करला. मात्र छत्रांचा प्रश्न येताच, १८०१ साली, त्यांनी रेसिडेंट टॉरिन यास एक सविस्तर पत्र लिहून ही छत्रे पूर्ववत चालली पाहिजेत असा आग्रह धरला. छत्रात काय काय होते हे त्या पत्रात इतक्या बारकाईने सांगितले आहे की हिशेबतपासनिसालाही शंका काढण्यास जागा राहू नये. येणाऱ्या प्रत्येकास, मग तो कोणत्याही जातीचा वा पंथाचा असो, अन्न. मध्यरात्री घंटा वाजवून कोणी उपाशी राहिला असल्यास त्याने यावे अशी पुकार. वाटेत आजारी पडलेल्यास औषध, पथ्याचे जेवण व बरा होईपर्यंत आदराने शुश्रूषा. मृत झालेल्याचा त्याच्या जातिधर्माप्रमाणे अंत्यसंस्कार. पोरक्या मुलांस पंतोजीच्या हाताखाली शिक्षण, वस्त्र आणि ठराविक दिवसांनी तेलाचे अभ्यंग. आणि छत्रात प्रसूत झालेल्या स्त्रीला तीन महिने मुक्काम.

हे सारे वाचून दयेने गहिवरून जाण्याची आपली रीत आहे, आणि राजाच्या दयेविषयी मला किमपि शंका नाही. तथापि माझ्यासारख्याची नजर दयेवरून घसरून तरतुदीवर जाऊन थांबते. प्रत्येक छत्राला जमीन लावून दिलेली होती. अमक्या गावचा अमका वसूल अमक्या छत्राकडे, त्यातून वैद्याचा मुशाहिरा इतका, पंतोजीचा इतका, दुधाचा खर्च इतका. मराठी दफ्तरात याला नेमणूक म्हणत. आज नेमणूक म्हणजे नोकरीवर लावण्याचे पत्र एवढाच अर्थ उरला आहे. पूर्वी माणसाला किंवा कार्याला लावून दिलेले उत्पन्न हाही तिचा अर्थ होता, आणि मला तोच अभिप्रेत आहे. आजाऱ्याला कोण पाहणार, या प्रश्नाचे उत्तर छत्राच्या कारभाऱ्याला पुण्यशील माणसे शोधून द्यावे लागत नव्हते. ते कागदावर अगोदरच दिलेले होते. अर्थात हे सर्व सुरळीत चाले असे समजण्याचे कारण नाही. दुष्काळाच्या साली छत्राच्या जमिनीचे उत्पन्न पुरत नसे आणि वरून पैसा व भात घालून भर करावी लागे, हे खुद्द राजानेच त्या पत्रात कबूल केले आहे. छत्र हा वृद्धाश्रम नव्हता हेही मान्य; तो वाटसरूंसाठी होता. परंतु रामेश्वरास निघालेल्या वाटसरूंत पिकल्या केसांची माणसे किती असतील, याचा अंदाज करण्यास गणित लागत नाही. राज्य गेल्यावर छत्रांचा कारभार आधी सरकारकडे, मग लोकल बोर्डाकडे, असा फिरत फिरत जिल्ह्याच्या महसुली यंत्रणेत विसावला. काही इमारती शाळांना व वसतिगृहांना दिल्या गेल्या, काहींच्या भिंतींतून पिंपळ उगवले.

आता आपल्या काळाकडे यावे. वृद्धाला आज सरकारदरबारी जाण्यास तीन दरवाजे आहेत. पहिला दरवाजा दारिद्र्याचा. मद्रास राज्याने निराधार वृद्धांसाठी निवृत्तिवेतन १९६२ साली, म्हणजे पुष्कळ राज्यांच्या आधी, सुरू केले; तमिळनाडूत ते २०२३ पासून दरमहा १,२०० रुपये आहे, महाराष्ट्रात १,५००, आणि यांत केंद्राचा हिस्सा ऐंशीच्या आतील माणसास २०० व पुढील माणसास ५०० रुपये. आपल्याकडे या योजनेस श्रावणबाळाचे नाव दिले आहे. आंधळ्या मातापित्यांस कावडीत घालून निघालेला तो मुलगा पूज्यच आहे. परंतु ज्या म्हाताऱ्याला कावड उचलणारा कोणीच नाही त्याच्यासाठी काढलेल्या योजनेस त्याचे नाव देताना, भार मुलाच्याच खांद्यावर असावयाचा ही आपली मनोमन समजूत नकळत कागदावर उतरली, असे मला नेहमी वाटत आले आहे. दुसरा दरवाजा इस्पितळाचा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक नागरिकास, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत वर्षास पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत झाले. ही सामान्य गोष्ट नव्हे, आणि तिजवर टीका करणाऱ्यांनी आधी खेड्यातील म्हातारीला विचारून यावे. परंतु ही सोय खाटेवर दाखल झालेल्या रोग्याची आहे. खाट सोडून तो घरी आला, आणि इस्पितळातून सुटल्यानंतरचे काही दिवसांचे औषधपाणी संपले, की कार्डाचे काम संपले.

तिसरा दरवाजा तंट्याचा. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाच्या कायद्याने वृद्धाला मुलांविरुद्ध न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो, आणि सांभाळ करण्याच्या अटीवर लिहून दिलेले घर, सांभाळ न झाल्यास, परत मागता येते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वृद्धाच्या हिताकडे पाहून उदारपणे लावला पाहिजे असे बजावले. याच कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम राज्याने टप्प्याटप्प्याने उभारावा असेही कलम आहे, परंतु त्यातील क्रियापद सक्तीचे नसून इच्छेचे आहे. वकिलाकडे जाण्यापूर्वी या पुस्तकातील या कायद्यावरचे प्रकरण वाचावे. माझा स्वतःचा अनुभव असा की शंभर वृद्धांत नव्वद जण, हक्क समजल्यावरही, मुलाविरुद्ध अर्जावर अंगठा उठविण्यापेक्षा उपाशी निजतील.

गरीब असाल तर, दाखल असाल तर, भांडत असाल तर. आत्या यांपैकी काहीच नव्हती. तिचे मुलांशी भांडण नव्हते, कारण मुलेच नव्हती. ती गरिबीच्या यादीत बसत नव्हती, आणि ती दाखल होती ती फक्त नऊ दिवस. तिला जे हवे होते ते एक मजबूत, सावकाश हलणारा हात, आणि त्या हाताला या देशात नेमणूक नाही.

आश्रमांविषयी संपादकांनी विस्ताराने लिहिले आहे, म्हणून मी दोनच गोष्टी नोंदवितो. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या नावाचे अनाथ पंगुगृह १८६३ साली सुरू झाले आणि आज ‘निवारा’ या नावाने चालते. म्हणजे ही कल्पना पश्चिमेकडून काल आलेली नाही. कुंभकोणमच्या आसपासही देवळाची घंटा ऐकू यावी, सोवळ्याचे जेवण मिळावे आणि शेवट कावेरीकाठी व्हावा अशा इच्छेने येणाऱ्यांसाठी पैसे भरून राहण्याची गृहे आहेत. त्यांस तमिळमध्ये मुदियोर इल्लम म्हणतात. अशा गृहांचे अर्ज मी पुष्कळ वाचले आहेत. बहुतेकांत एक प्रश्न असतो : अर्जदारास स्वतःची कामे स्वतः करता येतात काय? उत्तर ‘होय’ असेल तरच प्रवेश. माझ्या एका दूरच्या मामेभावाने सहा वर्षे अशा एका गृहात काढली, अनामत भरली, पंक्तीत भजने म्हटली. अर्धांगाचा झटका आला त्याच्या तिसऱ्या आठवड्यात, नातेवाइकांनी घेऊन जावे असे पत्र आले. गृहाचे नियम छापील होते आणि त्यावर त्याची सही होती, तेव्हा तक्रार कोणाची करावयाची? वाचकाने मात्र अनामत भरण्यापूर्वी हाच प्रश्न उलटा विचारावा, आणि उत्तर लेखी घ्यावे.

घर असलेल्याने घरावर पैसा उभा करावा, ही सूचना कागदावर सुंदर दिसते. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने २००७ साली उलट गहाणाची योजना आखून दिली. बँकेने घराच्या किमतीपोटी वृद्धाला दरमहा रक्कम द्यावयाची, त्याने व त्याच्या जोडीदाराने अखेरपर्यंत त्याच घरात राहावयाचे, फेड त्यांच्यामागे. योजना फारशी चालली नाही. वास्तू ही पुढच्या पिढीची अमानत आहे ही भावना हे एक कारण खरेच, पण कुंभकोणमसारख्या देवळांच्या गावी त्याहून रोकडे कारण सापडते : इमला माणसाचा आणि खालची जमीन देवस्थानाची किंवा मठाची, असा प्रकार तेथे वाटेल तितका. आणि जेथे जमीन स्वतःची आहे तेथे सातबाऱ्यासारख्या त्यांच्या पट्ट्यावर पणजोबांचे नाव आणि हिस्सेदार तीन खंडांत. आत्याच्या घरात मी मोजले तेव्हा हिस्सेदार अकरा होते. बँकेचा अधिकारी सज्जन होता. चहा पिऊन गेला.

परदेशाकडे पाहण्याची हौस मला बेताची आहे, परंतु दोन उदाहरणे टाळता येत नाहीत. जर्मनीने १९९५ पासून आणि जपानने एप्रिल २००० पासून शुश्रूषेचा स्वतंत्र, सक्तीचा विमा सुरू केला. जपानात चाळिशी गाठली की वर्गणी सुरू होते. निम्मा पैसा वर्गणीचा, निम्मा करांचा, आणि सेवा घेणाऱ्याने स्वतः बहुधा दहावा हिस्सा द्यावयाचा. जर्मनीत घरच्या माणसाने सेवा केल्यास रोख रक्कम घेता येते. जपानने मात्र रोख न देता सेवाच द्यावयाची असे ठरविले, कारण रोख दिली तर ती घरात येईल आणि काम पूर्वीप्रमाणे सुनेच्याच अंगावर राहील, असा तेथील स्त्रियांचा आक्षेप होता. आमच्या श्रावणबाळाच्या देशाने या आक्षेपावर पुष्कळ वेळ विचार करावा. सरफोजीराजांच्या छत्राला दुष्काळात जी भर घालावी लागे, ती एका गावच्या उत्पन्नावर भिस्त ठेवल्यामुळे; सर्वांच्या थोड्या थोड्या वर्गणीवर उभी केलेली नेमणूक त्याहून टिकाऊ, इतकाच त्याचा अर्थ. आपल्याकडेही अगदीच काही नाही असे नव्हे. १९९३ पासून कोझिकोडला शेजारपाजारच्या स्वयंसेवकांनी अंथरुणास खिळलेल्यांच्या सेवेचे जे काम उभे केले ते पुढे केरळच्या पंचायतींपर्यंत पोचले, आणि तमिळनाडूने ऑगस्ट २०२१ मध्ये ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम’, म्हणजे लोकांच्या दारी वैद्यक, ही योजना काढली. तीतील बाई आत्याकडेही दर दोन महिन्यांनी येई, रक्तदाब पाही, गोळ्या देई आणि ओसरीवर पाच मिनिटे बसून जाई. त्या पाच मिनिटांची आत्या वाट पाहत असे.

आयाम्माविषयी लिहिल्यावाचून मात्र ही प्रस्तावना पुरी होणार नाही. ती वलंगैमानच्या बाजूच्या एका खेड्यातली, वय अठ्ठावन्न, शेतमजुरी गुडघ्यांनी नाकारली म्हणून या कामाला आलेली. तिला ना भविष्यनिर्वाह निधी, ना रजा, ना कामाचा दाखला. पहिल्या महिन्याच्या पगारातून ब्यूरोने कमिशन कापले तेव्हा आत्याने ते आपल्या खर्चात लिहून तिला पुरे पैसे दिले, हे वहीत आहे. एकदा पोंगलला ती दोन दिवस घरी जाऊन आली, आणि आल्यावर बराच वेळ काही बोलेना. तिची सासू घरी अंथरुणाला खिळलेली होती आणि तिच्याकडे पाहण्यास शेजारीण होती, तीही पैसे न घेता. आणखी पंधरा वर्षांनी आयाम्माची कूस बदलण्यास कोण येईल, याचे कोष्टक या पुस्तकात नाही. संपादकांनी दुसऱ्या आवृत्तीत ते घालावे अशी माझी त्यांस सूचना आहे.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचण्याची आवश्यकता नाही. ज्यांच्या घरी कोणी पडले आहे त्यांनी चौथे प्रकरण, ज्यांच्या घरी अजून सर्व चालतीफिरती आहेत त्यांनी सातवे आधी उघडावे. मृत्युपत्र, मुखत्यारपत्र आणि बँकेतील वारसनोंद यांची माहिती सातव्यात आहे, आणि ती कामे माणूस चालताफिरता असतानाच करावयाची असतात. शेवटी जमाखर्चाचे एक कोरे कोष्टक दिले आहे. त्याचा कागद संपादकांनी मुद्दाम जाड घेतला आहे, कारण खोडरबराने पातळ कागद फाटतो. जमेचा रकाना शाईने भरावा, खर्चाचा पेन्सिलीने.